ऑफलाइन म्हणजे काय रे भाऊ?

परवा शनिवारी सकाळी साडेनऊला साताऱ्याहून बाबांचा फोन आला. शनिवारी साडेनऊला मी झोपलेला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे मामला गंभीर असणार हे लगेच कळलं.

"अरे, तो प्रिंटर ऑफलाइन आहे म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

"कॉम्प्युटर म्हणतोय. प्रिंटर बिचारा गप्प बसलाय. त्याचा दिवा चालू आहे."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचे बाबा आयुष्यभर एका पतसंस्थेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं (म्हणजे बाकीच्या बावीस जणांनी ते त्यांच्या गळ्यात बांधलं). वार्षिक सभेची नोटीस त्यांनी स्वतः मराठीत टाइप केली होती आणि तिच्या तेवीस प्रती काढायच्या होत्या. आदल्या संध्याकाळपासून त्यांची खटपट चालू होती. प्रिंटर तीनदा बंद-चालू करून झाला, कॉम्प्युटर बंद-चालू करून झाला. प्रिंटर यादीतून काढून परत जोडला, तर आता यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं दिसायला लागली आणि दोन्ही ऑफलाइन! त्यात कहर म्हणजे आईने मोबाइलवरून तिच्या भजनी मंडळाचा एक कागद पाठवला, तो मात्र पहिल्या फटक्यात छापून आला.

"म्हणजे प्रिंटर चांगला आहे," बाबा म्हणाले. "चुकतंय ते माझंच. हे आता आमच्याच्याने व्हायचं नाही रे. या सभेत पद सोडावं म्हणतो. करेल कुणीतरी तरुण माणूस."

आता हे मला लागलं. बत्तीस वर्षं ज्या माणसाने व्याजाचे हिशोब एका पैशाने चुकू दिले नाहीत, तो एका डब्यामुळे स्वतःला म्हातारा समजायला लागला. मी म्हटलं, "बाबा, अर्ध्या तासात करून देतो." (आयटीतला अर्धा तास. दोन तास धरून चला.)

प्रिंटर कसा सुरू झाला ते शेवटी सांगतोच. पण त्या निमित्ताने एक प्रश्न डोक्यात बसला: "ऑफलाइन" हे नेमकं कोण म्हणतं आणि कशाच्या जोरावर? शनिवार-रविवार त्यातच गेला. तर मंडळी, ऐका.

बटण

ज्यांनी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वापरलाय त्यांना आठवत असेल, त्याच्यावर "ऑनलाइन" असं एक बटण असायचं आणि शेजारी एक छोटा दिवा. कागद वर-खाली सरकवायचा असला की ते बटण दाबून आधी प्रिंटरला ऑफलाइन करायचं. दिवा विझला म्हणजे प्रिंटर आता कॉम्प्युटरचं ऐकणार नाही, तुमचं ऐकणार. काम झालं की परत दाबायचं.

म्हणजे ऑफलाइन असणं हा बिघाड नव्हता. ती प्रिंटरची स्वतःची अवस्था होती, माणसाने ठरवलेली, आणि प्रिंटर ती कॉम्प्युटरला आपणहून कळवत होता. कशी? तर एका स्वतंत्र तारेने.

एक तार, एक वाक्य

ही तार आली सेंट्रॉनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीकडून. त्याआधी प्रिंटर म्हणजे कपाटाएवढी यंत्रं, मोठ्या कॉम्प्युटरबरोबर त्याच कंपनीकडून घ्यायची. याचा प्रिंटर त्याला जोडणं वगैरे भानगडच नव्हती. सेंट्रॉनिक्सने १९७० मध्ये "मॉडेल १०१" हा त्या मानाने स्वस्त डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला आणि त्याला ३६ पिनांचा एक चपटा कनेक्टर लावला. तोच का? तर ही कंपनी ज्या वँग लॅबोरेटरीजशी संबंधित होती, तिच्याकडे जुन्या कॅल्क्युलेटरच्या कामातून उरलेला अशा कनेक्टरांचा मोठा साठा पडून होता, असं सांगतात. घरात उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करावा तसं. आणि तो फोडणीचा भात जगाने पुढे पंचवीस-तीस वर्षं खाल्ला.

त्या केबलची रचना मात्र फार सरळ होती. आठ तारा मजकुरासाठी, म्हणजे एका वेळी एक अक्षर. बाकीच्या तारांतल्या महत्त्वाच्या तारा म्हणजे चक्क एकेक वाक्य. कॉम्प्युटर एका तारेवर म्हणणार, "अक्षर ठेवलंय, घे." प्रिंटर दुसऱ्या तारेवर, "थांब, तोंडात घास आहे." तिसरीवर, "घेतलं, पुढचं दे." आणि शिवाय तीन तारा तक्रारींसाठी राखीव: एक "कागद संपला", एक "मी ऑनलाइन आहे" आणि एक "काहीतरी बिघडलंय".

लिनक्सच्या पॅरलल प्रिंटरच्या कोडमध्ये या तिन्ही तारांचं प्रतिबिंब दिसतं. आधी कागदाची तार बघायची. संपला असेल तर "कागद संपला" असा संदेश. नाहीतर ऑनलाइनची तार बघायची. नसेल तर "ऑफलाइन". आणि कागद आहे, प्रिंटर ऑनलाइन आहे, तरीही बिघाडाची तार बोंब मारतेय? मग संदेश काय, तर "एलपी झिरो ऑन फायर", प्रिंटरला आग लागली आहे! युनिक्सवाल्यांचा हा जुना विनोद आहे, पण त्यामागचं तर्कशास्त्र बघा. दोन कारणं तपासून झाली, तिसरं सांगता येत नाही, तर तसं कबूल करायचं. इथे "ऑफलाइन" म्हणजे "प्रिंटरने स्वतः सांगितलंय की तो ऑफलाइन आहे". अंदाजपंचे काही नाही.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला. त्याच्याबरोबर आयबीएमच्या नावाने विकलेला प्रिंटर मुळात एप्सनचा एमएक्स-८० होता. आयबीएमने कॉम्प्युटरच्या बाजूला ३६ ऐवजी २५ पिनांचा कनेक्टर लावला, म्हणून ती एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला वेगळंच तोंड असलेली जाडजूड केबल जन्माला आली. पोर्टाचं नाव एलपीटी १. बाबांच्या पतसंस्थेत अशीच केबल होती. प्रिंटर चालला नाही की बाबा टेबलाखाली वाकून तिचे स्क्रू घट्ट करायचे आणि दहातल्या आठ वेळा काम व्हायचं. बिघाड कुठे आहे ते हाताला लागत होतं.

भाषा

तार जोडली म्हणजे संवाद झाला असं नाही. एप्सनच्या प्रिंटरची आज्ञांची भाषा वेगळी. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट आला, त्याची भाषा पीसीएल. त्याच वर्षी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली, ती १९८५ च्या ॲपल लेझररायटरमध्ये बसली. पोस्टस्क्रिप्ट समजून घ्यायला एवढी ताकद लागायची की लेझररायटरचा प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा होता, आणि ज्या मॅकला तो जोडायचा त्याचा ८! नोकर मालकापेक्षा हुशार.

डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची प्रिंटरांची यादी बाळगावी लागे. एका प्रोग्राममधून छापलं जायचं, दुसऱ्यातून नुसती खेकडे काढल्यासारखी चिन्हं, आणि तीही कागदामागून कागद. विंडोजने हे दुभाष्याचं काम सगळ्या प्रोग्रामांसाठी एका जागी आणलं. ड्रायव्हर एकदा टाकायचा, सगळ्यांनी वापरायचा. मोठीच सोय झाली. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली: प्रिंटर काय म्हणतोय हे आता तुम्हाला थेट ऐकू येत नव्हतं. मधला दुभाषी सांगेल ते खरं.

याच दुभाष्यापायी एक माणूस असा भडकला की पुढे इतिहास घडला. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि वारंवार अडकायचा. रिचर्ड स्टॉलमनने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये बदल करून ठेवला होता: कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांना संदेश जायचा, "प्रिंटर अडकलाय, जा, बघा." नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र झेरॉक्सने दिला नव्हता. कार्नेगी मेलनमधल्या ज्या माणसाकडे तो होता, त्यानेही करार दाखवून नकार दिला. स्टॉलमन ही गोष्ट आपल्या आयुष्याला वळण देणाऱ्या प्रसंगांमध्ये धरतो. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्याची मूळ मागणी काय होती? प्रिंटरला काय झालंय ते प्रिंटरने सांगावं. बस्स! आमच्या बाबांची वेगळी काय आहे?

चौकोनी तोंडाची केबल

१९९४ मध्ये पॅरलल पोर्टाचं नवं मानक आलं, आयईईई १२८४. आता प्रिंटर त्याच केबलवरून उलट दिशेने आपलं नाव-गाव सांगू शकत होता. त्याच सुमारास सात कंपन्या एकत्र येऊन यूएसबीवर काम करत होत्या. इंटेलमध्ये या कामात पुढे असलेले अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. घरी प्रिंटर चालवताना घरच्या मंडळींची उडणारी तारांबळ बघून आपल्याला हे सुचलं, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. म्हणजे यूएसबीचा उगम आमच्या घरासारख्याच एका घरात आहे, फक्त तिथे फोन करायला मुलगा नव्हता.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्सच्या साक्षीने विंडोज ९८ ला यूएसबीवरून एक स्कॅनर जोडला गेला आणि भर मंचावर निळा पडदा झळकला. पण तत्त्व पक्कं होतं. जोडल्याजोडल्या यंत्र स्वतःची ओळख सांगणार आणि कॉम्प्युटर त्याचा ड्रायव्हर शोधणार. तरी अनेक प्रिंटरांच्या यूएसबी भोकावर एक चिकटपट्टी असायचीच: "आधी सीडी टाका, मग केबल जोडा." प्लग अँड प्ले, पण आमच्या क्रमाने!

काही असलं तरी केबल होती. केबलच्या दुसऱ्या टोकाला जो आहे तोच आपला प्रिंटर, यात शंका नव्हती.

पत्ता

खरी मेख पुढे आहे. ऑफिसांत एक प्रिंटर अनेकांनी वापरायचा म्हणून तो थेट नेटवर्कवर आला. १९९१ मध्ये एचपीने जेटडायरेक्ट आणलं. पुढे नेटवर्कवाले प्रिंटर सर्रास ९१०० क्रमांकाच्या पोर्टावर मजकूर घ्यायला लागले. नेटवर्क म्हणजे वाडा. तार सगळ्यांची एकच, दारं अनेक. आपल्याला कुठलं दार ठोठवायचंय त्याचा पत्ता माहीत हवा.

आणि हा पत्ता कायमचा नसतो. राउटर तो डीएचसीपीने वाटतो, आणि त्याला तिथे शब्दच "लीज" आहे, भाडेपट्टा! आज या खोलीत, उद्या त्या खोलीत. १९९९ नंतर वाय-फाय घराघरांत शिरलं आणि ऑफिसातला हा भाडेकरूंचा खेळ घरी आला. फक्त ऑफिसात नेटवर्क बघायला एक पगारी माणूस असतो, आणि घरी बाबा असतात.

आता कॉम्प्युटर काय करतो? त्याच्या वहीत लिहिलेल्या पत्त्यावर जातो, दार वाजवतो. उत्तर आलं नाही की परत येऊन सांगतो, "प्रिंटर ऑफलाइन." कुणी सांगितलं? कुणीच नाही! प्रिंटरची ती तार कधीच गेली. पूर्वी ऑफलाइन ही प्रिंटरने दिलेली साक्ष होती, आता तो कॉम्प्युटरचा तर्क आहे. शब्द तोच राहिला, बोलणारा बदलला. "माझ्याकडचा पत्ता चुकीचा असेल" ही शक्यता तो तोंडावाटे काढत नाही.

यावर उपायही निघालेले आहेत. १९८० च्या दशकातल्या ॲपलटॉकमध्ये यादीतून प्रिंटर नावाने निवडता यायचा. तीच सोय इंटरनेटच्या नियमांत आणायला स्टुअर्ट चेशायर वगैरे मंडळींनी मेहनत घेतली. ॲपलने ती २००२ मध्ये "रॉन्देव्हू" नावाने आणली आणि २००५ मध्ये नाव बदलून "बॉन्जूर" केलं. युक्ती साधी आहे. वहीतला पत्ता बघायचाच नाही. वाड्याच्या चौकात उभं राहून ओरडायचं, "इथे प्रिंटर कोण कोण आहे?" जो असेल तो स्वतः ओ देतो, आजच्या पत्त्यासकट. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेलं एअरप्रिंट याच पायावर उभं आहे, आणि अँड्रॉइड फोनही प्रिंटर असाच शोधतात.

दुसरीकडे १९९९ पासून आयपीपी नावाचे छपाईचे नियम आले. त्यांत प्रिंटर आपली अवस्था शब्दांत सांगू शकतो. त्यातला एक ठरलेला शब्द आहे "मीडिया-एम्प्टी". म्हणजे सेंट्रॉनिक्सची "कागद संपला" वाली तार, तीस वर्षांनी शब्द होऊन परत आली.

तर, साताऱ्यात

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आईचा मोबाइल चौकात ओरडत होता, बाबांचा कॉम्प्युटर वहीतला पत्ता ठोठावत होता.

मी बाबांना प्रिंटरवरचं एक बटण दाबून धरायला सांगितलं. त्याने स्वतःच्या माहितीचा एक कागद छापला. बाबांनी पतसंस्थेत रोजमेळ वाचावा तसा खणखणीत वाचला: "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, एकशे चार." मग कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या पोर्टात काय लिहिलंय ते विचारलं. "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात."

"बाबा, गेल्या आठवड्यात इंटरनेटवाला येऊन गेला का?"

"हो, डबा बदलून गेला. नाव-पासवर्ड मी जुनंच ठेवायला लावलं, उगाच कुणाला त्रास नको."

बाबांनी केलं ते बरोबरच केलं, म्हणून तर बाकी सगळं आपोआप चालू झालं. पण नव्या राउटरने वाड्यातल्या खोल्यांचे नंबरच बदलले. प्रिंटर निमूटपणे नव्या खोलीत गेला, कॉम्प्युटरच्या वहीत जुनाच नंबर राहिला. बाबांनी प्रिंटर काढून परत जोडला तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, "आधीचा पोर्ट वापरू का?" कुठलाही सभ्य माणूस हो म्हणेल. बाबा हो म्हणाले.

आणि वहीत तो नंबर हाताने कुणी लिहिला होता? दोन वर्षांपूर्वी गणपतीला गेलो असताना, मी. पुण्याची बस गाठायची होती, प्रिंटर पटकन सापडत नव्हता, म्हणून दिला आकडा ठोकून. राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावाने राखून ठेवायला हवा होता, किंवा निदान बाबांना सांगायला तरी हवं होतं. दोन्ही केलं नाही. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने कोडमध्ये असा पत्ता ठोकला असता तर मी त्याला अर्धा तास प्रवचन दिलं असतं.

बाबांनी आकडा बदलला, ओके दाबलं, आणि फोनवर मला प्रिंटरचा आवाज ऐकू आला. थांबेचना. शुक्रवारपासून बाबांनी दाबलेल्या सगळ्या "प्रिंट" रांगेत तशाच उभ्या होत्या. एकामागून एक अकरा नोटिसा बाहेर आल्या.

"असू दे," बाबा म्हणाले. "तेवीस लागणारच आहेत. बारा आणखी काढतो."

मग मी त्यांना सांगितलं की चूक त्यांची नव्हतीच, माझी होती, दोन वर्षांपूर्वीची. ते क्षणभर गप्प बसले. मला वाटलं रागावले.

"म्हणजे तो कॉम्प्युटर कालपासून ऑफलाइन, ऑफलाइन करतोय, ते त्याला नुसतं वाटत होतं?"

"हो."

"मग तसं म्हणावं ना त्याने. 'उत्तर येत नाही' म्हणावं. पतसंस्थेत नोटीस परत आली की आम्ही शेरा मारायचो, 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत'. कर्जदार मेला असं लिहीत नव्हतो."

बत्तीस वर्षांच्या वसुलीच्या अनुभवातून आलेलं हे वाक्य कुठल्याही डिझाइन डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर टाकावं असं आहे. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी आमच्या प्रोग्राममधले "सर्व्हर बंद आहे" असे संदेश शोधले. चार निघाले. चारही ठिकाणी आम्हाला खरं तर एवढंच माहीत होतं की उत्तर आलं नाही. चारही बदलले.

सेक्रेटरीपदाचं काय, ते मी विचारलं नाही. रविवारी आईचा फोन आला तेव्हा कळलं, बाबा नोटिसा वाटायला गेले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा प्रिंटर ऑफलाइन आहे म्हणून तिथेच बसलेत.

असो.

ता. क. : तुमचाही प्रिंटर ऑफलाइन म्हणत असेल तर आधी मोबाइलवरून छापून बघा. छापलं गेलं तर प्रिंटर शाबूत आहे, वहीतला पत्ता तपासा. नाही छापलं गेलं तर प्रिंटर वाय-फायवर आहे का ते बघा. आणि मगच ड्रायव्हरच्या नादी लागा. आपण नेहमी उलट्या क्रमाने जातो. आणि हो, रांगेतल्या जुन्या प्रिंट आधी काढून टाका. सगळ्यांच्या सोसायटीत तेवीस सभासद नसतात.